धर्म हे वतन नव्हे



दीक्षा घेऊन घरी परतल्यावर पहिला प्रश्न बहुधा शेजारी विचारतो. तुम्ही कर्जतचे असाल तर तो कोणत्या शब्दांत येतो हे तुम्हांला सांगायला नको. तुमचा आजा राशीनच्या यमाईला जात होता, तुमचा बाप गोदड महाराजांच्या यात्रेत राबत होता, सिद्धटेकच्या गणपतीला भीमेपलीकडून माणसे येतात आणि तुम्ही तालुक्यातलेच असून पाठ फिरवता. वाडवडिलांचा धर्म असा सोडता येतो काय? दुसरा प्रश्न घरातूनच येतो. म्हातारी आई देव्हाऱ्यातले टाक उचलू देत नाही. मुलगा म्हणतो, दीक्षा घेतली, आता हे उचललेच पाहिजे. सून दोघांच्या मध्ये सापडते आणि घरातला आनंद चार दिवसांत आटतो.

हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. धर्म कोणाचा? घराण्याचा, गावाचा, सरकारचा, की ज्या माणसाच्या मनात तो राहायचा त्या माणसाचा? आणि माणसाने तो बदलला, तर त्याने त्याचा जाब कोणाला द्यायचा? परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र आपण पुष्कळदा ऐकतो. आज ते या एका प्रश्नाच्या अंगाने सांगणार आहे. त्यामुळे चवदार तळे, गोलमेज परिषद, पुणे करार हे सारे बाजूला राहील. जाणकारांनी राग मानू नये.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे कबीरपंथी होते. घरात भजन, पोथी, रामायण-महाभारताचे वाचन रोजचे. लहान भीमरावाला हे वाचन सक्तीचे होते आणि त्याला ते पटत नसे. ज्या ग्रंथांत आपल्यासारख्यांना मान नाही ते आपण का वाचावेत, असा प्रश्न त्याने वडिलांना सरळ विचारला. वडिलांनी त्याला द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांची उदाहरणे दिली. खालच्या मानलेल्या कुळातल्या मुलांच्या मनात न्यूनगंड बसू नये म्हणून हे वाचायचे, असा त्यांचा विचार होता. मुलाचे समाधान झाले नाही. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. बुद्ध त्याला असा भेटला, एका पुस्तकातून. कुळाकडून नाही, गावाकडून नाही.

या प्रसंगाकडे नीट पाहा. त्या मुलाला एक धर्म वारशाने मिळाला होता आणि त्याबद्दल वडिलांना प्रश्न विचारण्याची मुभाही मिळाली होती. रामजीबाबा कडक शिस्तीचे गृहस्थ, पण देवाधर्माविषयी शंका काढली म्हणून त्यांनी मुलाला घराबाहेर घातले नाही. अशी घरे त्या काळी थोडी होती. आपल्या घरांतही ती अजून पुरेशी नाहीत, हे कबूल केले पाहिजे.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे जॉन ड्युई यांच्यासारखे गुरू लाभले. पुढे लंडनला शिकले. ज्या विचारांच्या वातावरणात ते वाढले त्याची पार्श्वभूमी थोडी समजून घेतली पाहिजे. युरोपात ख्रिस्ती लोकांच्याच दोन पंथांनी एकमेकांची डोकी फोडण्यात शेदीडशे वर्षे घालवली. राजा ज्या पंथाचा, प्रजाही त्याच पंथाची, असा तिथला कायदा होता. त्या रक्तपातातून शहाणे झालेल्या माणसांपैकी जॉन लॉक हा एक इंग्रज. सहिष्णुतेवरचे त्याचे पत्र १६८९ साली छापले गेले. त्याचे म्हणणे साधे होते. सरकारच्या हातात दंडुका असतो आणि दंडुक्याने विश्वास उत्पन्न होत नाही. तेव्हा माणसाच्या श्रद्धेत सरकारला काही काम नाही. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपल्या फार कामाची आहे. जमीन बापाकडून मुलाकडे जाते तसा धर्म जात नाही. कोणीही माणूस कोणत्याही धर्मसंस्थेचा सभासद म्हणून जन्माला येत नाही.

आता हे वाक्य कर्जत, जामखेड, पाथर्डीकडच्या जुन्या गावात नेऊन पाहा. आपल्याकडे जमीन, काम आणि धर्म या तिन्ही गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या होत्या, आणि त्या दोरीचे नाव होते वतन. महाराचे पोर जन्माला येताच गावाचे चाकर होई. वेशीवर राखण, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवणे, पाटील-कुलकर्ण्यांच्या मागे धावणे, दवंडी, मेलेले ढोर ओढणे. मोबदला म्हणून हाडकी हाडवळ्याचा तुकडा आणि दारोदार मागून आणायचे बलुते. दुष्काळी मुलखात तो तुकडा काय पिकणार? १८७४ सालच्या वतन कायद्याने या बेड्यांवर सरकारी शिक्काही मारला. एखाद्याने काम नाकारले तर सारा गाव त्याच्यावर बहिष्कार घाली, आणि त्या बहिष्काराला धर्माचा आधार दाखवला जाई. कारण काम ठरले होते जन्माने, आणि जन्माचा अर्थ सांगणारा होता धर्म.

धर्म आणि वारसा यांची ही गाठ वरच्या वर्गातही होतीच. परधर्मात गेलेल्या माणसाचा वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क जुन्या शास्त्राप्रमाणे जाई. १८५० च्या कायद्याने तो वाचवला, तेव्हा सनातन्यांनी मोठा गहजब केला होता. आपल्या लोकांना वारशात जमीन नव्हतीच, जाच होता. तो सोडायला मात्र कायदा धावून आला नाही.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. ते पुढे गेले नाही, पण विषय त्यांनी सोडला नाही. डिसेंबर १९३९ मध्ये आपल्याच नगर जिल्ह्यात हरेगावला महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद भरली आणि तिला ते स्वतः आले. (त्याच हरेगावात आता दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. एका गावाच्या मातीत किती धर्म नांदू शकतात!) कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा शेवटी १९५८ साली झाला. तो पाहायला बाबासाहेब नव्हते. वतनाच्या लढ्याचा आणि धर्मांतराचा काय संबंध, असे कोणी विचारतो तेव्हा मला नवल वाटते. जन्माने अंगावर आलेली गोष्ट माणसाला नाकारता येते की नाही, हाच दोन्हीकडचा वाद होता.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. हिंदू म्हणून जन्मलो ते आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरायचे की नाही हे आपल्या हाती आहे, हा तिचा आशय लहान मुलालाही ठाऊक आहे. तिच्यातला धीटपणा आपण नेहमी सांगतो. पण ती नीट ऐकली तर तिच्यात एक हिशेबही आहे. जे हाती नव्हते त्याची जबाबदारी त्यांनी नाकारली आणि जे हाती आहे तेवढ्याची स्वतःवर घेतली. गांधीजींनी यावर मत दिले की धर्म काही घरासारखा किंवा अंगरख्यासारखा नाही, की मनात आले म्हणून बदलला. कर्जतच्या शेजाऱ्याचा प्रश्न हाच आहे, फक्त भाषा महात्म्याची.

आता बाबासाहेबांनी काय केले ते पाहा. माझा धर्म, माझी मर्जी, तुम्ही विचारणारे कोण, असे म्हणून त्यांना मोकळे होता आले असते. न्यायाने पाहिले तर तो अधिकार त्यांचा होताच. परंतु लाखो माणसे ज्याच्या शब्दावर पाऊल उचलणार, त्याने आपल्या लोकांना कारणे दिली पाहिजेत, असे त्यांनी मानले. ३१ मे १९३६ रोजी मुंबईत महार परिषदेपुढे त्यांनी लांबलचक लेखी भाषण केले. धर्मांतराचा ऐहिक बाजूने विचार आणि आध्यात्मिक बाजूने विचार, दोन्ही मांडले. माणसाच्या उन्नतीला सहानुभूती, समता आणि स्वातंत्र्य लागते, आणि जुन्या धर्मात यांपैकी आपल्याला काय मिळाले, हे एकेक करून तपासले. कोणत्या धर्मात जायचे ते त्या दिवशी सांगितलेच नाही. शेवट केला तो तथागतांनी आनंदाला दिलेल्या उपदेशाने, की दुसऱ्यावर विसंबू नका, स्वतःच स्वतःचा दिवा व्हा. हजारो माणसे नेत्याचा हुकूम ऐकायला जमलेली, आणि नेता त्यांना आपापल्या बुद्धीच्या हवाली करतो आहे! मला तरी त्यांच्या चरित्रातला हा प्रसंग येवल्याहून मोठा वाटतो.

नंतर वीस वर्षे गेली. निरनिराळ्या धर्मांचे लोक त्यांना भेटून गेले. १९३६ च्या एप्रिलात ते अमृतसरला शीख परिषदेला जाऊन आले होते. या काळात एक टोमणा त्यांच्यावर आणि आपल्यावर सारखा मारला जात होता, की हे पोटासाठी धर्म विकणार. नगर जिल्ह्याला हा टोमणा जुना आहे. अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरला १८३१ पासून होते, आणि १८७६-७७ च्या दुष्काळानंतर खेड्यापाड्यांतले महार-मांग त्या मिशनकडे वळले, तेव्हाही गावकरी हेच म्हणाले. त्या ख्रिस्ती झालेल्या आपल्या भावंडांना शाळा मिळाली, औषध मिळाले, माणसाने माणसाशी बोलावे तसे बोलणारा कोणी मिळाला. ज्यांनी त्यांचे पोट पिढ्यान्‌पिढ्या रिकामे ठेवले त्यांनीच ते भरल्याबद्दल हिणवावे, हे विचित्र आहे. तरी टोमण्यात एक खरा प्रश्न दडलेला होता, आणि बाबासाहेबांनी तो गंभीरपणे घेतला: नवा धर्म कशाच्या आधारावर निवडायचा?

त्याचे उत्तर १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकातल्या लेखात सापडते. धर्म समाजाला नीतीने बांधून ठेवणारा असावा. तो बुद्धीला पटला पाहिजे. स्वातंत्र्य, समता, बंधुता त्याला मान्य असली पाहिजेत. आणि त्याने दारिद्र्याचा गौरव करता कामा नये. शेवटची कसोटी दुष्काळी तालुक्यातल्या माणसाने दोनदा वाचावी. उपाशी राहणे हे पुण्य नव्हे, असे धर्माची निवड करताना सांगणारा माणूस आपल्याला लाभला.

मधल्या काळात देश स्वतंत्र झाला आणि घटना लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले. आता प्रश्न एका समाजाचा राहिला नव्हता, साऱ्या नागरिकांचा झाला होता. १९४७ च्या त्यांच्या निवेदनात, ज्याला आपण राज्य आणि अल्पसंख्याक म्हणतो, त्यांनी कलमे घातली होती. सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असेल. धर्म पाळण्याचा, सांगण्याचा आणि धर्मांतर घडवण्याचाही हक्क सार्वजनिक सुव्यवस्था व नीती यांच्या मर्यादेत असेल. राज्याचा म्हणून कोणताही धर्म नसेल. कोणालाही धर्मकृत्य करायला भाग पाडता येणार नाही. आणि मुलांचे धार्मिक शिक्षण आईबापांनी ठरवावे, वयाच्या सोळा वर्षांपर्यंत. पुढे नाही. आईबापांनो, हे कलम तुमच्यासाठी आहे. दीक्षा तुम्ही घेतली. तुमची सोळा वर्षांची मुलगी तुमच्याहून वेगळा विचार करू लागली, तर त्या निवेदनाप्रमाणे ती तुमची आज्ञा मोडत नाही.

१ मे १९४७ रोजी घटना समितीत अज्ञान मुलांच्या धर्मांतराला कायद्याने मान्यता देऊ नये असा मुद्दा निघाला, तेव्हा बाबासाहेबांनीच अडचण दाखवली. आईबापांनी धर्म बदलला आणि मूल मात्र कायद्याने जुन्याच धर्मात राहिले, तर त्या घराचे काय व्हायचे? ते कलम घटनेत आले नाही. लाखो कुटुंबे लेकराबाळांसह दीक्षाभूमीवर येणार आहेत, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते!

२ डिसेंबर १९४८ चे त्यांचे भाषण तर आपल्या विषयाच्या मर्मालाच हात घालते. आपल्या देशात धर्माची व्याप्ती इतकी मोठी आहे की जन्मापासून मरणापर्यंत काहीच तिच्याबाहेर नाही. ती आखडती घेतली पाहिजे. जमिनीच्या कुळवहिवाटीचे आणि वारशाचे कायदे धर्माने चालवायचे कारण नाही, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. कूळ आणि वारसा! वतनाच्या बेडीत जन्मलेल्या माणसाला हीच दोन उदाहरणे सुचावीत, हे साहजिक आहे. आज जे पंचविसावे कलम आहे, ते ६ डिसेंबर १९४८ रोजी समितीने मंजूर केले. ही तारीख आठ वर्षांनी आपल्यासाठी कशी ठरली ते वेगळे सांगायला नको.

त्या कलमाचा गाभा साध्या शब्दांत सांगतो. धर्म मानणे, पाळणे, त्याचा प्रचार करणे हा प्रत्येक माणसाचा हक्क. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती, आरोग्य आणि घटनेतले इतर मूलभूत हक्क एवढ्यांच्या मर्यादेत तो चालेल. समाजसुधारणेसाठी, आणि हिंदूंची सार्वजनिक मंदिरे सर्वांना खुली करण्यासाठी, सरकार कायदा करू शकेल. यातून निघणारी गोष्ट अशी: अडवणाऱ्याने कारण द्यायचे, आणि ते कारण सर्व धर्मांच्या माणसांना समजेल असे असले पाहिजे. साथ आहे म्हणून यात्रा बंद ठेवली, हे बौद्धालाही पटते आणि वारकऱ्यालाही. देवाला आवडत नाही म्हणून तुमची मिरवणूक बंद, हे कारण सरकारच्या तोंडी शोभत नाही. ज्याला अडवायचे आहे त्या नागरिकाने मात्र आपण असे का मानतो याचा खुलासा कचेरीत जाऊन करायचा नाही.

हे उलटे होताना दिसते तेव्हा सावध झाले पाहिजे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश व ओरिसाचे धर्मांतरविषयक कायदे वैध ठरवले. प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे म्हटले. एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढले की बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म आहे, आणि म्हणून हिंदूला बौद्ध व्हायचे तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागेल. पहिला भाग बरोबर आहे, आपण तेच तर सांगत आलो. दुसऱ्या भागात माणसाच्या मनाला सरकारी शिक्का लागतो. फसवून, धमकावून धर्मांतर करणाऱ्याला जरूर पकडा. पण ज्याने मन बदलले त्यालाच अर्जदार करणे म्हणजे धर्म पुन्हा सातबाऱ्यावर चढवणे झाले. फेरफार मंजूर झाल्याशिवाय नाव लागायचे नाही!

आता शेवटचा काळ. २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा. प्रकृती ढासळत होती, रात्री जागून ग्रंथलेखन चालले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, नागपूरला कुशीनाऱ्याचे भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी त्रिशरण-पंचशील ग्रहण केले. आधी स्वतः. नंतर जमलेल्या लाखो लोकांना, ज्यांना दीक्षा घ्यायची असेल त्यांनी उभे राहावे, असे त्यांनी सांगितले. मैदान उभे राहिले, हा भाग आपण गौरवाने सांगतो. ज्यांना घ्यायची असेल त्यांनी, हा भाग घाईत गळतो.

तसेच बावीस प्रतिज्ञांचे. त्या कडक आहेत, जुन्या देवांशी संबंध तोडणाऱ्या आहेत, आणि त्या तशा का आहेत हे वतनाचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावे लागत नाही. पण त्या बोलताना एक लक्षात ठेवा. त्यांत बोलणारा मी आहे. माझे घर, माझा गाव, माझी जात असा करार त्यांत नाही. प्रतिज्ञा ज्याने आपल्या तोंडाने घेतली त्याला ती बांधते, त्याच्या आईला नाही. कितीतरी अस्पृश्य जाती त्या दिवशी आल्या नाहीत, महारांतलेही काही आले नाहीत. त्यांना आणण्यासाठी बाबासाहेबांनी जोर केला नाही. यामुळे चळवळ दुबळी राहिली असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि संख्येच्या हिशेबाने ते अगदीच चूक नाहीत. परंतु जोराने आणलेली माणसे घेऊन ते पुन्हा एक जातच बांधून बसले असते.

आणि पोटासाठी म्हणणाऱ्यांचे काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीचा मानत नव्हते. १९५६ साली शिखांना सरसकट घेतले, बौद्धांना नाही. कायदेमंत्री राहिलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? नागपूरला उभे राहिलेली माणसे सवलती सोडून उभी राहिली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राने त्या १९९० साली दिल्या. मध्ये चौतीस वर्षे गेली. त्या वर्षांत कित्येक बापांनी मुलाच्या दाखल्यावर जुनाच धर्म ठेवला. त्यांना भेकड म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादरला, चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या प्रचंड समुदायाला दीक्षा दिली. दीक्षा देणारा नेता गेला होता. आता कोणाला खूश करायचे नव्हते, कोणाचा धाक नव्हता. तरी माणसे हात जोडून उभी राहिली. १९५१ च्या शिरगणतीत आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात २,४८७ बौद्ध होते. १९६१ मध्ये ते २७,८९,५०१ झाले. प्रत्येक आकड्यामागे एक दार आहे, दारात उभा असलेला शिरगणतीचा माणूस आहे, आणि त्याला उत्तर देणारे कोणीतरी आहे.

पुढच्या शिरगणतीत तो माणूस कर्जतला तुमच्याही दारात येईल. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या जागी अनुसूचित जातींच्या यादीतले आपल्या जातीचे नाव, असे दोन्ही आता लिहिता येते. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरतात, त्यामुळे सवलत जाईल म्हणून कचरू नका. तुमचे तुम्ही सांगा, सुनेचे सुनेला सांगू द्या. म्हातारी आत देव्हाऱ्यापाशी बसली असेल, तर तिला बाहेर बोलवा आणि तिच्या नावापुढे काय लिहायचे ते तिलाच विचारा.